दप्तर उघडे, नाव झाकलेले

अध्यक्षमहाराज, आणि महाड-पोलादपूरहून, नाते-कोंझरच्या वाटेने भर उन्हात येथवर आलेल्या बंधुभगिनींनो,

पत्रिकेवर आजचा विषय वाचून काही मंडळींनी आम्हांला वाटेतच हटकले. व्यसने आणि एच.आय.व्ही. यांवरील संशोधनाची कागदपत्रे कशी जतन करावीत आणि ती कोणाला पाहू द्यावीत, हा डॉक्टरांचा किंवा प्राध्यापकांचा विषय. युनियनच्या माणसाने त्यात कशाला पडावे? त्याने पगार, बोनस, कंत्राटी कामगार यांवर बोलावे. शंका रास्त आहे. तिला आमचे उत्तर असे की, आमचे सारे आयुष्य कागद मागण्यात गेले. हजेरीपट दाखवा, पगारपत्रक दाखवा, अपघातांची नोंदवही दाखवा, हे म्हणता म्हणता आमचे केस पिकले. मालकाजवळ कागद आणि कामगाराजवळ नुसती तक्रार, अशी लढाई जिंकता येत नाही, हे आम्ही शाळेत नव्हे, कारखान्याच्या फाटकावर शिकलो. आणि त्याच फाटकावर दुसरीही एक गोष्ट शिकलो. काही कागद असे असतात की ते चव्हाट्यावर आले, तर ज्याचे नाव त्यावर आहे तो माणूस आयुष्यातून उठतो. पहिल्या जातीचे कागद उघडावे लागतात, दुसऱ्या जातीचे झाकावे लागतात. आणि व्यसन व एच.आय.व्ही. यांच्या संशोधनात हे दोन्ही कागद एकाच पानावर असतात. आजच्या बोलण्याचा सारा पेच एवढाच आहे.

इंग्रजीत ज्याला ‘डेटा’ म्हणतात त्याला हल्ली विद्वान मंडळी ‘विदा’ म्हणू लागली आहेत. शब्द चांगला आहे. पण आम्ही आपले ‘दप्तर’ म्हणू. या गावात तो शब्द कोणाला समजावून सांगावा लागणार नाही.

दप्तरांच्या तीन गती असतात. पहिली गती म्हणजे जळणे. आपल्या समोरच्या या गडावर १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफा चालल्या, आग लागली आणि वाडे जळाले. कागद जळाला की केवळ मजकूर जात नाही. काय गेले हे सांगण्याची सोयही त्याच्याबरोबर जाते. दुसरी गती कुलुपाची. पुण्याचे पेशवे दप्तर जळाले नाही, पण इंग्रजी अमलात ते असे बंदोबस्तात राहिले की, इतिहासाच्या अभ्यासकांना त्यात मोकळा शिरकाव नव्हता. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० पासूनच्या काही वर्षांत त्यातील निवडक कागदांचे ४५ भाग छापून निघाले, तेव्हा कोठे ते दप्तर लोकांचे झाले. तिसरी गती रद्दीची, वाळवीची. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यांवरची बाडे उतरवून घेतली आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड काढला. ते हिंडले नसते, तर त्यातील कितीतरी कागद वाळवीच्या पोटात गेले असते.

आता आजच्या काळात या. एखादी संस्था येते, वस्तीत फिरते, ट्रकवाल्यांना, खाणावळीतल्या पोरांना, बाहेरगावी मजुरीला जाऊन आलेल्या पुरुषांना आणि त्यांच्या बायकांना प्रश्न विचारते. दारू पिता काय? सुई टोचून घेता काय? एकच सुई दोघांत वापरता काय? बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेते. दोन-तीन वर्षांनी अहवाल निघतो, एखाद्या मोठ्या हॉटेलात त्याचे प्रकाशन होते. पैसा संपतो, माणसे दुसऱ्या नोकरीला लागतात, आणि मूळ उत्तरे कोणाच्या तरी कपाटात किंवा जुन्या संगणकात राहतात. कोकणातल्या पावसात कागदाला बुरशी किती दिवसांत लागते हे तुम्ही जाणताच. संगणकाची बुरशी दिसत नाही, एवढाच फरक. दहा वर्षांनी ती चकती वाचणारे यंत्रच बाजारात नसते.

अहवाल आहे की, मग मूळ दप्तर कशाला हवे, असे कोणी म्हणेल. अहवाल म्हणजे शिजवलेला भात. तो पोट भरतो, पण त्याची भाकरी करता येत नाही आणि पुढच्या वर्षी पेरताही येत नाही. दप्तर म्हणजे कणगीतले भात. ज्याने प्रथम पाहणी केली त्याला जो प्रश्न सुचला नाही, तो दुसऱ्याला पाच वर्षांनी सुचतो, आणि दप्तर शाबूत असेल तर पुन्हा लोकांच्या दारी जाऊन त्यांच्या जखमा उकरण्याची गरज पडत नाही. आम्हांला हा मुद्दा शास्त्राचा जितका वाटतो तितकाच माणुसकीचाही वाटतो. एकाच बाईला आपल्या नवऱ्याच्या व्यसनाची कहाणी पाच वेगवेगळ्या वह्यांत पाच वेळा का सांगायला लावावी?

मात्र नुसते आकडे जपून भागत नाही. दप्तरात १, २, ९ असे आकडे असतात. १ म्हणजे होय, २ म्हणजे नाही आणि ९ म्हणजे सांगण्यास नकार, ही किल्ली हरवली, तर साऱ्या कणगीचा कोंडा होतो. नशेच्या प्रश्नात तर तो ९ फार बोलका असतो. एखाद्या वस्तीत नकार देणारे अचानक वाढले, तर तेथे नशा वाढली असेल किंवा पोलिसांची भीती वाढली असेल; ‘नाही’ म्हणणाऱ्यांत त्यांची गणती करून टाकणारा कारकून खऱ्या प्रश्नावर माती लोटतो. प्रश्न कोणी विचारले, कोठे विचारले, घरात सासू बसलेली असताना विचारले की एकांतात, हे सारे दप्तराबरोबर लिहून ठेवावे लागते.

दप्तर नीट ठेवल्याने काय साधते, याची आपल्याच राज्यातील दोन उदाहरणे सांगतो.

पुण्यात १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. तेथील डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्याच्या गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या स्त्रियांची तपासणी केली. त्यांत ३९१ स्त्रिया अशा होत्या की ज्या वेश्याव्यवसायात नव्हत्या; बहुतेक विवाहित, नवऱ्याखेरीज कोणाशी संबंध नसलेल्या. त्यांच्यापैकी १३.६ टक्के स्त्रियांच्या रक्तात एच.आय.व्ही. सापडला. हा निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाला. घरात राहणारी, आपल्या संसाराशी एकनिष्ठ असलेली बाई या रोगापासून सुरक्षित आहे, हा समज त्या आकड्याने मोडला. धोका तिच्या वागण्यात नव्हता, तो घरच्या उंबऱ्यातून आत आला होता. आपल्या या दोन तालुक्यांतील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेले आणि मनिऑर्डरवर मागची घरे चालली; तेव्हा या आकड्याचा अर्थ येथल्या बायाबापड्यांना आम्ही निराळा सांगण्याची गरज नाही. येथे सावधगिरीचा एक शब्द. हा आकडा साऱ्या विवाहित स्त्रियांचा नव्हे. काहीतरी दुखणे घेऊन त्या विशिष्ट चिकित्सालयांत आलेल्या स्त्रियांचा आहे. हे आपण आज सांगू शकतो, कारण त्या मंडळींनी कोणाला, कोठे, कसे तपासले ते लिहून ठेवले. आणि त्या ३९१ जणींपैकी एकीचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. त्यावाचून आपले काही अडलेही नाही.

दुसरे उदाहरण साऱ्या देशाचे. २००६ साली संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेने भारतात सुमारे ५७ लक्ष लोकांना एच.आय.व्ही.ची लागण असल्याचा अंदाज दिला होता. जगात पहिला नंबर आपला, अशी तेव्हा ओरड झाली. हे अंदाज मुख्यत्वे सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गरोदर स्त्रिया आणि विशेष जोखमीचे समूह यांच्या तपासणीवरून बांधले जात. परंतु सरकारी दवाखान्यात कोण येतो? ज्याच्या खिशात पैसा नाही तो. त्यावरून साऱ्या गावाचा हिशेब केला, तर तो चुकणारच. २००५-०६ साली तिसरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. मुंबईला देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने ती सांभाळली. घरोघर जाऊन एक लाखाहून अधिक स्त्रीपुरुषांच्या संमतीने रक्ताचे थेंब गाळणकागदावर घेतले. देशात १५ ते ४९ वर्षांच्या माणसांत प्रमाण निघाले ०.२८ टक्के, महाराष्ट्रात ०.६२ टक्के. दवाखान्यांतील तपासणीची केंद्रेही तोवर वाढली होती. जुन्या आणि नव्या दोन्ही दप्तरांची सांगड घालून २००७ च्या जुलैत नवा अंदाज आला, सुमारे २५ लक्ष. रोग एका वर्षात निम्मा झाला नव्हता. मोजणी सुधारली होती. औषध किती खरेदी करायचे, दवाखाने कोठे काढायचे, हे सारे त्या मोजणीवर ठरते. सरकारने आपले जुने दप्तर लाजेखातर दडपले असते, तर नव्याशी ते ताडून पाहता आले नसते.

त्या पाहणीत नावाचे काय केले, तेही ऐकण्याजोगे आहे. रक्ताच्या कागदावर फक्त एक क्रमांक होता. प्रयोगशाळेला नाव कळले नाही. घरच्या माहितीशी रक्ताचा निकाल जोडण्यापूर्वी घर आणि वस्ती ओळखू येईल असे मूळ क्रमांक बदलून टाकण्यात आले. म्हणजे पाहणी करणाऱ्यालासुद्धा वाटले तरी मागे जाऊन ‘हा निकाल कोणाचा’ हे शोधता येऊ नये. ज्याला आपला निकाल हवा होता, त्याने सरकारी केंद्रात जाऊन फुकट तपासणी करून घ्यावी, अशी चिठ्ठी देण्यात आली.

एवढी काळजी कशाला, असे वाटत असेल तर गोव्याची एक हकीकत सांगतो. म्हापशाकडचे डॉमिनिक डिसोझा हे रक्तदान करणारे तरुण गृहस्थ. १९८९ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्यांना नेले. त्यांनी दिलेल्या रक्तात एच.आय.व्ही. सापडला होता, आणि तो निकाल त्यांच्या हाती येण्याऐवजी नावानिशी पोलिसांच्या हाती गेला होता. गोव्याच्या तेव्हाच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली त्यांना क्षयरोग्यांच्या एका जुन्या इमारतीत ६४ दिवस एकटे ठेवण्यात आले. न्यायालयात धाव घेतल्यावर सुटका झाली. परंतु नोकरी गेली. १९९२ साली त्यांचे निधन झाले; त्याआधी त्यांनी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली. हा मनुष्य काय करीत होता? रक्तदान! परोपकाराच्या कागदावरून तुरुंगवास घडला. अशी एक बातमी गावात पसरली की पुढची दहा वर्षे त्या गावात कोणी बोट पुढे करीत नाही. म्हणून नाव झाकणे हे संशोधनाच्या आड येते, असे म्हणणाऱ्यांशी आमचे जमत नाही. नाव झाकले नाही, तर दप्तरच तयार होत नाही. तयार झाले तर ते खोट्या उत्तरांनी भरते.

नशेच्या बाबतीत तर भीती दुहेरी. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याप्रमाणे गर्दसारख्या पदार्थाचे सेवन हाच गुन्हा आहे. त्या दशकात मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत गर्द कसा पसरला ते अनिल अवचटांनी लिहून लोकांपुढे मांडले, आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केले. उपचारासाठी आपण होऊन पुढे येणाऱ्याला त्या कायद्यात संरक्षणाची सोय आहे, ती ६४-अ कलमात. पण पाहणीवाल्यापुढे खरे बोलणारा मनुष्य उपचाराला आलेला नसतो. त्याची उत्तरपत्रिका म्हणजे सहीवाचूनचा कबुलीजबाबच. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या व्यसनोपचार केंद्राने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली निघाला. १८६ जिल्हे, दोन लक्षांवर घरे, पावणेपाच लक्षांच्या आसपास माणसे. सुई टोचून नशा करणारे देशात सुमारे साडेआठ लक्ष असावेत, असा अंदाज त्यातून आला. घरोघर विचारून ही माणसे सापडत नाहीत. त्यांना गाठायचे, तर एका व्यसनी माणसाने विश्वासाने दुसऱ्याला घेऊन यावे लागते, दुसऱ्याने तिसऱ्याला. त्या पाहणीत असेच केले होते. हा सारा डोलारा कशावर उभा असतो? ‘माझे नाव बाहेर जाणार नाही’ या एका वाक्यावर.

अमेरिकेत हा प्रश्न पन्नास वर्षांपूर्वीच ऐरणीवर आला. १९७० च्या त्यांच्या कायद्यात नशेवरील संशोधन करणाऱ्यांना असे प्रमाणपत्र देण्याची सोय झाली की, कोर्टानेसुद्धा त्यांच्याकडून नावे काढून घेऊ नयेत. १९७२ साली न्यूयॉर्कमध्ये एक खून झाला. साक्षीदार बाई म्हणाली, मारेकऱ्याला आपण नशामुक्तीच्या एका दवाखान्यात पाहिले आहे. अफूवर्गीय नशेची तलफ शमविणारे मेथॅडोन नावाचे औषध तेथे देत. सरकारी वकिलाने रुग्णांचे फोटो मागितले. दवाखान्यांचे प्रमुख डॉ. रॉबर्ट न्यूमन यांनी दिले नाहीत. त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली, तरी दिले नाहीत. १९७३ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. खून उघडकीस यावा असे कोणाला वाटणार नाही? पण एकाला पकडण्यासाठी हजारांचे फोटो पोलिसांपुढे मांडले असते, तर दुसऱ्या दिवशी दवाखाना ओस पडला असता. डॉक्टर हे जाणून होते.

आता आमच्या घरच्या मैदानावर येऊ. आम्ही पाहिलेला प्रकार सांगतो. कारखान्याचे नाव सांगत नाही. वार्षिक वैद्यकीय तपासणी झाली. निकालांची यादी, काही नावांपुढे तांबड्या शाईच्या खुणा करून, टाइमकीपरच्या टेबलावर आली. चहाच्या सुट्टीपर्यंत साऱ्या खात्याला ठाऊक झाले. एका कंत्राटी पोराला दुसऱ्या दिवशी मुकादमाने फाटकावरूनच परत पाठविले. लेखी हुकूम नाही, कारण नाही. हा झाला एक कागद. त्याच कचेरीकडे आम्ही दुसरा कागद मागितला. गेल्या दहा वर्षांत कोणत्या खात्यातल्या किती कामगारांची फुप्फुसे कमजोर झाली, किती जणांना दारूपायी यकृताचे दुखणे लागले, रात्रपाळीत ते प्रमाण अधिक आहे काय, एवढेच नुसत्या आकड्यांत द्या, नावे नकोत. उत्तर आले, माहिती गोपनीय आहे. पाहा हा न्याय! पोराचे नाव टेबलावर उघडे, आणि ज्यात कोणाचेच नाव नाही ते दप्तर कुलुपात. गोपनीयतेचे पांघरूण माणसावर घालायचे ते कारखान्यावर घातले. आमचे म्हणणे याच्या बरोबर उलट आहे.

मुंबई उच्च न्यायालयापुढे १९९७ साली असाच एक खटला चालला. एक रोजंदारी कामगार, सरकारी महामंडळात काम करणारा. पुढच्या नेमणुकीसाठी तपासणी झाली, रक्तात एच.आय.व्ही. सापडला. अंगाने धडधाकट, काम करण्यास लायक. तरी यादीतून नाव खोडले. न्यायालयाने सांगितले की, जो मनुष्य काम करू शकतो आणि ज्याच्यापासून इतरांना धोका नाही, त्याला केवळ रक्ताच्या निकालावरून रोजगार नाकारणे घटनेविरुद्ध आहे. या खटल्यात आणखी एक मोठी गोष्ट झाली. कामगाराला आपले नाव झाकून दाद मागता आली. आजही कायद्याच्या पुस्तकात तो खटला ‘एम.एक्स. विरुद्ध झेड.वाय.’ असाच सापडतो. त्याचे नाव कोणाला कळले नाही, आणि त्याचा न्याय मात्र साऱ्या देशाच्या कामगारांना मिळाला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली साडेपाच हजार गिरणी-कामगारांच्या सह्या गोळा केल्या, तेव्हा नाव देणे हे बळ होते. येथे नाव न देणे हे बळ ठरले. चळवळीतल्या माणसाला दोन्ही प्रसंग ओळखता आले पाहिजेत.

२०१७ साली एच.आय.व्ही. व एड्सविषयक कायदा झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. संमतीवाचून किंवा कोर्टाच्या हुकुमावाचून कोणाची एच.आय.व्ही.ची स्थिती उघड करता येत नाही. अशी माहिती बाळगणाऱ्या प्रत्येक संस्थेने ती सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था केली पाहिजे. शंभर किंवा अधिक माणसे जेथे काम करतात, तेथे तक्रार ऐकणारा अधिकारी नेमला पाहिजे. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व मादक पदार्थांपायी जडणाऱ्या दुखण्यांच्या रुग्णांनाही गोपनीयतेचा हक्क दिला. आमच्या सभासदांपैकी ज्यांना यांतले एकही कलम ठाऊक नाही, त्यांनी सभा संपल्यावर आम्हांला भेटावे. कायद्याची मराठी टिपणे आम्ही बरोबर आणली आहेत.

पण नुसते नाव खोडले म्हणजे झाकले गेले, अशा भ्रमात राहू नका. शहरात नाव खोडले तर माणूस गर्दीत मिसळतो. आपल्याकडे? समजा, एखाद्या तक्त्यात लिहिले: पाचाडच्या परिसरातील एक वाडी, वय बत्तीस, विधवा, नवरा ट्रकचालक, दोन मुले, निकाल अमुक. नाव कोठे आहे? नाही. पण पाणवठ्यावरच्या कोणत्याही बाईला विचारा, ती घर दाखवील. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी नोकरांच्या इस्पितळांच्या नोंदी नावे काढून संशोधकांना दिल्या होत्या. लटान्या स्वीनी नावाच्या एका विद्यार्थिनीने १९९७ च्या सुमारास वीस डॉलरला मतदारयादी विकत घेतली, जन्मतारीख, टपालविभाग आणि स्त्री की पुरुष एवढे ताडून पाहिले, आणि खुद्द राज्याच्या गव्हर्नरसाहेबांच्या दुखण्याचे कागद शोधून काढले. गव्हर्नरची ही गत, तर आपल्या वाडीतल्या बाईची काय! तेव्हा गावाचे नाव काढून तालुका ठेवावा, नेमके वय काढून ‘तीस ते चाळीस’ असे लिहावे, जेथे माणसे चार-दोनच आहेत तो रकाना दाखवूच नये. यात थोडी माहिती बोथट होते. होऊ द्या.

यावर तोडगा काढणाऱ्या संस्था जगात आहेत. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात १९६२ सालापासून समाजशास्त्रांच्या दप्तरांचे एक मोठे भांडार चालते, आणि त्यात व्यसने व एच.आय.व्ही. यांच्या संशोधनासाठी निराळा विभाग आहे. संशोधकाने काम झाल्यावर दप्तर तेथे जमा करायचे. तेथील माणसे ते तपासतात, ओळख पटेल असे रकाने काढतात किंवा बोथट करतात, आकड्यांची किल्ली नीट लिहून घेतात. मग दप्तराचे प्रकार पाडतात. काही सर्वांना मोकळे. काही, लेखी करार करून, कशासाठी हवे ते सांगणाऱ्यालाच. आणि जे फार नाजूक, ते बाहेर नेताच येत नाही. भांडाराच्या बंदोबस्तात बसून पाहायचे, नकलून न्यायचे नाही, आणि काढलेला तक्तासुद्धा तपासून घेतल्यावरच हाती मिळायचा. पूर्वी मोठ्या वाड्यांत घरचा जुना ग्रंथ माजघरात बसूनच वाचू देत, त्यातलाच प्रकार.

परदेशातले भांडार चांगले म्हणून आपण आपली कणगी तिकडे नेऊन ठेवावी काय? आमचे मत नाही असे आहे. आपल्या कुटुंब आरोग्य पाहणीची दप्तरे जगभरच्या अभ्यासकांना ज्या अमेरिकन कार्यक्रमामार्फत मिळत, त्याचा पैसा तेथील सरकारने २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केला, आणि नव्या अभ्यासकांना परवानगी देणे थांबले. पुढे दुसऱ्यांच्या देणगीवर काही काम पुन्हा सुरू झाले, ते सोडा. रक्त आपल्या बायकांचे, उत्तरे आपल्या माणसांची, आणि कुलपाची किल्ली सातासमुद्रापलीकडच्या एका कचेरीत, ही गोष्ट मनाला पटत नाही. दप्तराच्या प्रती दोनचार ठिकाणी असाव्यात, आणि मूळ प्रत आपल्या देशात असावी.

येथे महाडचा माणूस हमखास एक प्रश्न विचारील, की कागदावर उघडे आणि प्रत्यक्षात उघडे यांत अंतर किती? सरकारी पैशाने जमविलेली माहिती लोकांना मिळावी असे केंद्र सरकारचे धोरण २०१२ पासून आहे. पण धोरणाचे काय घेऊन बसलात! कामगार हितवर्धक सभेचे सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मांडला १९२३ साली; महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला १९२४ साली; आणि डॉ. आंबेडकरांना हजारो माणसे घेऊन त्या पाण्याला हात लावावा लागला तो २० मार्च १९२७ रोजी. त्यावरही नगरपालिकेने ठराव फिरविला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. ठरावाने तळे उघडत नाही. ज्यांना पाणी हवे ते काठावर गेले, तेव्हाच ते उघडते. दप्तराच्या काठावर जायचे कोणी? संशोधक जातीलच, पण ज्यांनी उत्तरे दिली त्या वस्त्या, त्या बाया, ते ट्रकवाले, त्यांच्या संघटना यांनीही गेले पाहिजे. आमच्या वस्तीविषयी तुम्हांला काय सापडले ते मराठीत, एका पानावर, आमच्या देवळाच्या ओसरीत येऊन वाचून दाखवा, असे सांगण्याचा हक्क त्यांना आहे. सांगलीकडे १९९० च्या दशकापासून वेश्याव्यवसायातील स्त्रिया ‘संग्राम’ आणि ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ यांच्यामार्फत संघटितपणे बोलू लागल्या. ज्यांच्याविषयी इतरांनी वह्या भरल्या, त्याच उठून आपला हिशेब मागू लागल्या. या चळवळीला आम्ही कामगार चळवळीचीच बहीण मानतो. यावर आमच्यातल्या काही जुन्या मंडळींनी नाके मुरडली आहेत, मुरडू द्या.

तेव्हा उद्या तुमच्या दारी कोणी वही घेऊन आले, तर त्याला हाकलू नका. बसवा, पाणी द्या आणि विचारा: नाव आणि उत्तर एकाच कागदावर लिहिणार की निराळ्या? दोहोंना जोडणारी यादी कोणाजवळ राहणार आणि ती कधी नष्ट करणार? काम संपल्यावर हे दप्तर कोठे जमा होणार, कोणाला पाहायला मिळणार? पोलीस किंवा मालक मागायला आला तर काय उत्तर देणार? आणि निकाल आम्हांला केव्हा सांगणार? ज्याने आपले काम मनापासून योजले आहे, त्याच्याजवळ ही उत्तरे लेखी तयार असतात. जो चिडतो, त्याला पाणी देऊन निरोप द्यावा.

आमच्यापुरते सांगायचे तर, मघाशी ज्या कारखान्याचा उल्लेख केला, तेथील नव्या कराराच्या मसुद्यात आम्ही एक कलम घातले आहे. वार्षिक तपासणीचे दोन कागद व्हावेत. नावाचा कागद डॉक्टर आणि तो कामगार यांच्यातच राहावा. तो टाइमकीपरकडे, मुकादमाकडे किंवा युनियनकडेसुद्धा जाऊ नये. यातल्या ‘युनियनकडेसुद्धा’ या शब्दावर आमच्याच कार्यकारिणीत दोन तास वाद झाला, शेवटी तो शब्द राहिला. दुसरा कागद क्रमांकाचा. खाते, पाळी, वयाचा गट आणि दुखणे एवढेच त्यावर असावे. तो वर्षावर्षाला जतन व्हावा, आणि कामगारांच्या प्रतिनिधीला व बाहेरच्या डॉक्टरला मागताच पाहायला मिळावा. जेथे पाचांहून कमी माणसे असतील तो आकडा दाखवू नये. व्यवस्थापनाने पहिला भाग मान्य केला आहे, दुसऱ्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले आहे. पुढची बैठक पाऊस लागण्यापूर्वी आहे.